सेकंड हँड सेडान घेताय? आधी गाडीचे लॉग वाचा

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा जे बसमध्ये उभे आहेत आणि हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा भाग लिहून देतोय. बोलताना माझं "म्हणजे काय ना" फार होतं, ते इथे गाळलंय. बाकी सगळं तसंच.

आजचा विषय, जुनी सेडान कशी घ्यायची. इन्स्टावर सगळ्यात जास्त मेसेज याच्यावरच आले होते, आणि मी नुकताच त्या चक्रातून बाहेर पडलोय.

सुरुवात एका रविवारपासून करतो. मी आणि बाबा पुण्यात एक गाडी बघायला गेलो होतो. २०१७ ची पेट्रोल सेडान, पांढरा रंग, फर्स्ट ओनर, मीटरवर ४८ हजार किलोमीटर. पॉलिश असं की बाबांनी बोनेटमध्ये स्वतःचा भांग नीट केला. भाव पाच लाख चाळीस हजार. आमचं बजेट सहा लाख, आणि त्यातले साडेतीन लाख बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशातले. बाबा माझ्या कानात म्हणाले, "पंचवीस हजार बयाणा देऊन टाकू. अशी गाडी थांबत नाही."

माझ्या खिशात नऊशे रुपयांचा एक ब्लूटूथ डोंगल होता, ओबीडी स्कॅनर. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला, मोबाईलवर फ्री ॲप उघडलं. एरर कोड एकही नाही. मस्त. पण खाली एक ओळ होती: "कोड क्लिअर केल्यापासून कापलेलं अंतर". समोर आकडा ६१ हजारांच्या वर.

आता विचार करा. जी गाडी जन्मापासून ४८ हजार चाललीय, तिच्या कॉम्प्युटरला नुसत्या मधल्या एका टप्प्यातलेच ६१ हजार किलोमीटर कसे आठवतायत?

विकणारे म्हणाले, "अहो साहेब, चायनाचं मशीन आहे ते." मी म्हटलं, असेल. मग आत्ताच सर्व्हिस सेंटरला जाऊ, जुनी हिस्ट्री काढू, मशीन खोटं ठरलं तर लगेच बयाणा देतो. ते म्हणाले उद्या. उद्यापासून फोन उचलला नाही. मीटर मागे फिरवलं होतं हे मी कोर्टात सिद्ध करू शकत नाही, पण हिशोब जुळत नव्हता आणि जुळवायची त्यांची तयारी नव्हती. आमच्यासाठी तेवढं पुरे होतं.

परत येताना बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पंचवीस हजार वाचले रे." मी म्हटलं, बाबा, साडेपाच लाख वाचले.

जुन्या गाडीला तीन डायऱ्या असतात

ऑफिसात प्रॉडक्शनला काही फुटलं की आपण कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, लॉग बघतो. आणि एक लॉग बघून थांबत नाही. ॲपचा, सर्व्हरचा आणि डेटाबेसचा लॉग शेजारी ठेवतो. तिघांची वेळ जुळली तर ठीक. नाही जुळली तर गडबड तिथेच असते.

गाडीचंही तसंच आहे. एक लॉग कागदांचा, एक पत्र्याचा आणि एक कॉम्प्युटरचा. विकणारा एखादा लॉग साफ करू शकतो. तिन्ही साफ करणं महागात पडतं, म्हणून सहसा कोणी करत नाही. आपलं काम एवढंच, तिन्ही वाचायचे आणि जुळतात का बघायचं.

त्याआधी, सेडानच का?

आईचे गुडघे. संपलं कारण! एसयूव्हीत चढताना तिला दाराचं हँडल धरून उडी मारावी लागते. सेडानमध्ये ती सरळ बसते. आणि पुणे–कऱ्हाड करताना चार माणसं, चार बॅगा, एक तांदळाचं पोतं हे सगळं आत बसायला हवं. सियाझ आणि चौथ्या पिढीची होंडा सिटी, दोघींची डिकी ५१० लिटरची. सियाझची लांबी जवळजवळ साडेचार मीटर, त्यामुळे मागे बसणाऱ्याचे गुडघे पुढच्या सीटला लागत नाहीत.

दुसरं कारण पैशाचं. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाडीवर कर कमी, त्याच्या वर गेलं की जास्त. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीवर जीएसटी १८ टक्के आणि मोठीवर ४० टक्के. म्हणजे नवी मिडसाईज सेडान घेताना कराचाच मोठा घास जातो. जुनी घेताना तो घास पहिल्या मालकाने भरलेला असतो. त्यात लोक एसयूव्हीकडे वळलेत, म्हणून चांगल्या सेडानचा भाव पडलेला असतो. ज्याला दिखाव्याची घाई नाही, त्याच्यासाठी ही संधी आहे.

पहिला लॉग: कागद

गाडी बघायला जायच्या आधी नंबर मागा. नंबर द्यायला जो कां-कू करतो, त्याच्याकडे जायचंच नाही. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की पासिंगची तारीख, कितवा मालक, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, आणि गाडीवर कर्ज आहे का, हे दिसतं. ई-चलन वेगळं तपासा. एका गाडीवर मला तेरा चलनं सापडली, बहुतेक ओव्हरस्पीडची. गाडीवाले मात्र सांगत होते, "फक्त देवदर्शनाला वापरली."

कर्ज असेल तर दोन गोष्टी हव्यात, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. नुसतं "हप्ते संपलेत हो" चालत नाही. जोपर्यंत आरसीवर बँकेचं नाव आहे, तोपर्यंत गाडी तुमच्या नावावर मोकळेपणाने होत नाही.

आरसीवर दोन तारखा बघा, बनल्याचा महिना-वर्ष आणि पासिंगची तारीख. डिसेंबर २०१६ ला बनलेली गाडी मार्च २०१७ ला पास झाली तर ती कागदावर सतराची असते, पण भाव करताना सोळाची धरा. चेसिस नंबर आरसीवरचा आणि गाडीवर कोरलेला, दोन्ही स्वतः वाचून जुळवा. फोटो काढून झूम करा, लाजू नका.

सगळ्यात मोलाची असते सर्व्हिस हिस्ट्री. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात, त्यामुळे मीटरची खरी साक्ष तिथे मिळते. मालक सोबत असला की सर्व्हिस सेंटरवाले सहसा दाखवतात. वर्षाला दहा-बारा हजार अशी सरळ रेघ दिसायला हवी. मध्येच तीन वर्षं सर्व्हिसच नाही आणि मीटर जेमतेम सरकलंय, तर विचारा.

दुसरा लॉग: पत्रा

आम्ही कऱ्हाडचे, त्यामुळे पाणी हा विषय आमच्याकडे गंमतीचा नाही. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ ला चिपळूणला किती गाड्या पाण्यात होत्या ते आपण टीव्हीवर बघितलं. अशा बऱ्याच गाड्या विमा कंपनी "टोटल लॉस" धरते, मग त्यांचा लिलाव होतो. काही भंगारात जातात, काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात, बहुतेक वेळा दुसऱ्या जिल्ह्यात.

पाण्यातली गाडी ओळखायची कशी? सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटपर्यंत. वरचा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेला टोकाचा भाग कोणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसते. सीटच्या रुळांवर बॅटरी मारा, बोल्ट गंजलेत का बघा. डिकीत स्टेपनी काढून तिच्या खळग्यात हात फिरवा, बारीक गाळ हाताला लागतो. हेडलाईटच्या आत धुकं किंवा पाण्याची रेघ आहे का बघा. आणि गाडीत शिरल्या शिरल्या परफ्यूमचा भपकारा आला तर काचा बंद करून दहा मिनिटं बसा. ओल्या गोधडीसारखा वास खाली दबलेला असेल तर वर येतो.

अपघाताचंही असंच. दारं आणि बोनेट यांच्यातल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग खरवडलेला असेल तर बोनेट कधीतरी उतरलंय. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवल्याची छोटी खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि एक वेगळी, तर ती का बदलली हे विचारा. उत्तर साधंही असू शकतं, क्रिकेटचा बॉल लागला वगैरे. डेंटिंग-पेंटिंग झालंय म्हणून गाडी वाईट होत नाही, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये बंपरला ओरखडा नसेल तर मलाच संशय येतो. पण पुढचा अॅप्रन किंवा दाराचा खांब वेल्डिंग केलेला दिसला, तर कितीही स्वस्त असो, नमस्कार करून निघा. अपघातात जीव वाचवणारा सांगाडा तोच असतो.

टायरवर चार आकडे असतात. ३४१७ म्हणजे २०१७ चा चौतिसावा आठवडा. आता गंमत बघा. मीटर म्हणतं ३० हजार किलोमीटर, आणि चारही टायर बदलून नवे टाकलेत. चांगले टायर साधारण चाळीस-पन्नास हजार जातात. मग तीस हजारात का संपले? पेडलचं रबर, गिअरचा नॉब आणि स्टिअरिंगचं घासलेलं कव्हर, हेही किलोमीटर मोजत असतात.

तिसरा लॉग: कॉम्प्युटर

हा माझा आवडता भाग, पण थोडक्यात सांगतो. एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांत ओबीडी-टू ही सोय असते. इंजिनचा कॉम्प्युटर बिघाडाचे कोड साठवतो आणि सोबत काही काउंटर चालवतो. त्यातलाच एक म्हणजे कोड पुसल्यापासूनचं अंतर. तो दोन बाइटचा असतो, म्हणून ६५,५३५ च्या वर जाऊ शकत नाही. कोड पुसले की तो शून्यावर येतो.

त्यामुळे हा आकडा दोन्ही बाजूंनी बोलतो. मीटरपेक्षा मोठा असेल तर मीटरवर शंका. अगदीच छोटा, म्हणजे सात-आठ किलोमीटर असेल, तर तुम्ही यायच्या आधी सकाळीच कोणीतरी कोड पुसलेत. ऑडिटच्या आदल्या रात्री लॉग डिलीट करण्यासारखं आहे ते. अशा वेळी ॲपमधली "रेडिनेस" ओळही बघा. तिथे चाचण्या "अपूर्ण" दिसतील, कारण कोड पुसल्यावर गाडीला स्वतःची तपासणी पुन्हा पूर्ण करायला थोडं चालावं लागतं. गाडी दोन दिवस वापरा म्हणावं, मग परत येतो.

दोन इशारे मात्र देतो. सगळ्या गाड्या हा आकडा देत नाहीत. आणि सर्व्हिस सेंटरनेही प्रामाणिकपणे कोड पुसलेले असू शकतात. म्हणून नुसत्या या एका आकड्यावर कोणाला चोर ठरवू नका, बाकीच्या दोन लॉगशी ताडून बघा.

चालवून बघताना

विकणाऱ्याला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बोनेटला हात लावा. गरम असेल तर थांबा, चहा घ्या. थंड इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होतं का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का (म्हणजे ऑईल जळतंय), हे थंडीतच कळतं.

चालवताना गाणी बंद, विकणाऱ्याच्या गप्पाही शक्यतो बंद. कमी स्पीडला चौथा गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढतोय पण गाडी ओढत नाही, तर क्लच संपत आलाय. खड्ड्यातून एसी लावून जा, "टक टक" आवाज आला तर सस्पेन्शनचं काम आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला जाते का बघा.

आणि एवढं सगळं करूनही मेकॅनिक न्याच. आमच्या कॉलनीजवळचे गॅरेजवाले काका माझा डोंगल बघून हसले. पण गाडीखाली वाकून दोन मिनिटांत म्हणाले, "उजवीकडचा बुश गेलाय, आणि गिअरबॉक्सला ऑईलचा ओलावा आहे." माझ्या ॲपला यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी हजार रुपये घेतले. साडेपाच लाखांच्या निर्णयात ते हजार सगळ्यात सत्कारणी लागले.

भाव

भाव करताना भांडायचं नाही, यादी ठेवायची. शेवटी आम्ही घेतली ती २०१७ चीच सियाझ, पेट्रोल. मालक एक निवृत्त शिक्षक. ६२ हजार किलोमीटर, म्हणजे त्या पांढऱ्या गाडीपेक्षा मीटरवर चौदा हजार जास्त. पण सर्व्हिसची प्रत्येक पावती फाईलमध्ये, तारखेप्रमाणे लावलेली. मागितले होते पाच लाख पंचाहत्तर हजार. मी म्हटलं, "सर, टायर २०१७ चेच आहेत, चार टायरचे बावीस हजार. बुश आणि गिअरबॉक्सचं सील मिळून सात. विमा दोन महिन्यांत संपतोय." सरांनी चष्मा लावून यादी वाचली, पेपर तपासल्यासारखी, आणि म्हणाले, "बरोबर आहे. पाच पस्तीसला द्या-घ्या करू."

जिथे कागद खरे असतात तिथे भावही पटकन होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: नाव

इथे आमच्या घरातली एक जुनी गोष्ट सांगतो. बाबांनी २०१५ मध्ये आमची छोटी हॅचबॅक एजंटला विकली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवलं. एजंट म्हणाला, "काका, गिऱ्हाईक मिळालं की भरतो." पैसे मिळाले, विषय संपला असं वाटलं.

सात वर्षांनी एका पोलीस स्टेशनमधून फोन आला. त्या गाडीने एका दुचाकीला धडक दिली होती. गाडी दोनदा विकली गेली होती, पण कागदावर मालक अजून बाबाच. सुदैवाने दुचाकीवाल्याचा फक्त हात मोडला. पण बाबांना चार हेलपाटे घालावे लागले, आणि ज्या गाडीचा रंगही त्यांना आठवत नव्हता तिच्यासाठी ते महिनाभर नीट झोपले नाहीत.

कायदा काय म्हणतो? सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं, गाडी हातोहात कितीही विकली गेली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरसाठी नवे नियम आलेत. त्याच्या ताब्यात गाडी दिल्याची नोंद पोर्टलवर होते आणि तोवर जबाबदारी त्याची राहते. म्हणून डीलरकडे आधी अधिकृततेचं प्रमाणपत्र मागा.

मग करायचं काय? कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही आणि घ्यायचीही नाही. डिलिव्हरीच्या दिवशी एक साधी पावती करा. तारीख आणि *वेळ*, मीटरचं रीडिंग, दोघांच्या सह्या. सकाळी अकराचं चलन कोणाचं आणि दुपारी दोनचं कोणाचं, हा वाद मिटतो. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे थोडा जादा हप्ता भरावा लागतो. फास्टॅग जुना बंद करून आपला नवा लावा, नाहीतर तुमचा टोल सरांच्या खात्यातून जाईल. माझा पहिल्या दिवशी गेला. फोन करून माफी मागितली आणि पैसे पाठवले.

तुमचे दोन प्रश्न

*"दिल्लीची गाडी लाखभर स्वस्त मिळतेय, घेऊ का?"* दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बरीच वर्षं निर्बंध आहेत, म्हणून तिथे भाव पडतो. पण तिथली एनओसी, इथे पुन्हा रोड टॅक्स, नवीन नंबर आणि एजंटचा खर्च धरा. मग बेरीज करा. बऱ्याचदा तो लाख तिथेच संपतो.

*"डिझेल घेऊ की पेट्रोल?"* रोजचं अंतर मोठं आणि हायवेचं असेल तर डिझेलचा विचार करा. ऑफिस आठ किलोमीटरवर आणि महिन्यातून एकदा गाव, तर पेट्रोल. बीएस-सिक्स डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर पळावी लागते. नुसत्या सिग्नलला उभी राहणारी डिझेल डोकेदुखी देते.

तर मंडळी, गाडी आता आमच्या पार्किंगमध्ये आहे. आरसीवर नाव बाबांचं. नवीन आरसी पोस्टाने आली तेव्हा त्यांनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली आणि देवाजवळ ठेवली. आई पहिल्यांदा बसली तेव्हा हँडल न धरता बसली. मला त्यातच सगळं मिळालं.

तुम्ही गाडी बघायला जाणार असाल तर हा भाग त्या मित्राला पाठवा, जो तुमच्यासोबत येणार आहे. दोघांपैकी एकाने तरी स्टेपनी उचलून बघायला हवी. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हळू चालवा, आणि बयाणा द्यायच्या आधी एक रात्र झोप काढा.